हजार मीटरला चार बोटं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं नाव घेतो. ते नाव इथे लिहीत नाही, कारण छापलेल्या कागदावर ते बघून बाई रागावतील. 'भूगोलाच्या बाई' एवढी ओळख पुरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजही एवढं विचारलं की लोक त्यांच्या घराकडे हात करतात.

आमचं गाव अगदी सपाट. गावातली सगळ्यांत उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, आणि तीही वर्षातले बरेच दिवस रिकामी. बाई स्वतः मी शाळेत असेपर्यंत नागपूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. पण जगातली आठ हजार मीटरच्या वरची चौदा शिखरं त्यांना उंचीसकट तोंडपाठ होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर हिमालयाचा धडा यायचा. तेव्हा त्या सगळ्या वर्गाला शाळेच्या मागच्या ओट्यावर न्यायच्या आणि काळी माती आणि कागदाचा लगदा कालवून हिमालय करून घ्यायच्या. माथ्यांवर चुना लावायचा. प्रमाण ठरलेलं होतं: हजार मीटरला चार बोटं. अन्नपूर्णा बत्तीस बोटं आणि थोडं वर, कांचनजंगा चौतीस आणि थोडं वर, एव्हरेस्ट पस्तीस आणि थोडं वर.

"बोटं एकाचीच धरायची," बाई बजावायच्या. "नाहीतर एकाचा हिमालय दुसऱ्याला लागू व्हायचा नाही."

सातवीत ती बोटं माझी ठरली. मी मातीच्या ढिगाला हात लावून मोजायचो आणि बाकीची मुलं माती आणायची. माझे वडील कापसाच्या बाजारात हमाल होते. घरात कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वर्गात मला कुणी काही ठरवायला दिलं असं ते पहिलंच काम.

एव्हरेस्टवर चुना लावून झाला तेव्हा बाई सांगत होत्या की तिथे हवा विरळ असते, झाड उगवत नाही, बोटं झडतात, काही माणसं परत येत नाहीत. मी सहज विचारलं, "बाई, तिथं पिकत काही नाही, राहत कोणी नाही. मंग मानसं जाते काहून?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही रे. पुस्तकात उंची दिली आहे, हे दिलेलं नाही."

शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते, आणि तो तसं सांगू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे बारावीनंतर इंजिनिअरिंगचा अर्ज असतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो बाईंनी आणला, त्यांनीच भरला, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली करून वडिलांपुढे ठेवला. पुण्याला नंबर लागला. गाडी सुटायच्या वेळी बाई बसस्टँडवर आल्या होत्या. खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "पुण्यात डोंगर चढणारी माणसं पुष्कळ आहेत म्हणे. तुझा तो प्रश्न त्यांना विचार. आणि मला लिही."

मी मान डोलावली, आणि पुण्याला येऊन ते साफ विसरलो.

विसरायला कारणं होती. पहिलं वर्ष इंग्रजी समजून घेण्यात गेलं. दुसरं वर्ष 'काहून' म्हणायचं सोडून 'का' म्हणायला शिकण्यात गेलं, कारण वसतिगृहात त्यावरून फार चेष्टा व्हायची. मग संगणकाच्या नोकऱ्यांचा तो काळ आला. आमच्या वर्गातल्या यंत्रं शिकलेल्या मुलांनाही कंपन्यांनी सॉफ्टवेअरला घेतलं, मलाही घेतलं. ऑफिस हिंजवडीला गेलं तेव्हा तिथे अजून उसाची शेतं होती. आमच्या काचेच्या इमारतीच्या कुंपणाला लागून म्हशी बांधलेल्या असायच्या. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचो आणि संध्याकाळी उतरायचो. दर दिवाळीला बाईंना भेटकार्ड पाठवायचो. त्यात छापलेला मजकूर असायचा, खाली माझी सही.

एका जानेवारीत बाईंचं अंतर्देशीय पत्र आलं. मी ते बसमध्ये फोडलं. प्रकृतीची चौकशी वगैरे होती. मग शेवटी असं होतं: "पुढचं शैक्षणिक वर्ष माझं शेवटचं. म्हणजे हिमालयाचा धडा आता एकदाच उरला. तुझ्यानंतर जवळजवळ दर वर्षी कोणीतरी पोर तोच प्रश्न विचारतं. मी सांगते, माझा एक विद्यार्थी पुण्यात आहे, तो विचारून कळवणार आहे. तुझं उत्तर अजून आलेलं नाही."

इतक्या वर्षांतल्या इतक्या मुलांना बाईंनी माझ्या नावावर थांबवून ठेवलं होतं. बसमधून उतरल्या उतरल्या मी ऑफिसात चौकशी सुरू केली.

मंडईजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी गिर्यारोहकांची एक संस्था जमायची. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला. मी वही-पेन घेऊन गेलो. दहा-बारा माणसं दोरांची वेटोळी करत बसली होती. मी उभा राहून प्रश्न विचारला: लोक हिमालयात का जातात?

"बायको घरी असते म्हणून," एक जण म्हणाला.

"फोटो चांगले येतात," दुसरा.

"पुण्यात पार्किंग मिळत नाही," तिसरा.

मी हे सगळं लिहून घेतोय असं बघून त्यांचा म्होरक्या उठून आला. पन्नाशीचा, बँकेत नोकरी करणारा, बारीक माणूस. सगळे त्यांना लीडर म्हणायचे. त्यांनी माझी वही मिटली.

"प्रश्न आपला आहे की आणखी कुणाचा?"

मी बाईंची हकिकत सांगितली. ती पूर्ण ऐकून ते म्हणाले, "चांगल्या बाई दिसतात. रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी या. पंधरा लिटर पाणी आणा."

"प्यायला?"

"नाही. वाहायला. तहान लागली तर वेगळं आणा."

त्यांचं पथक ऑक्टोबरात नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या परिसरातल्या लोबुचे नावाच्या शिखरावर जाणार होतं. सहा हजार मीटरच्या थोडं वर. त्याची ही तयारी. पाठीवरच्या पिशवीत पाण्याचे कॅन भरायचे, गड चढायचा, आणि वर पोचलं की पाणी ओतून द्यायचं. ओझ्याने चढताना छाती तयार होते, पण ओझ्यानेच उतरलं की गुडघे जातात. म्हणून दगड-विटा न घेता पाणी. वर मोकळं होता येतं.

मी जाऊ लागलो. आश्चर्य म्हणजे मला ते जमत होतं. हमालाचा मुलगा असल्याचा पुण्यात पहिल्यांदाच काही उपयोग झाला. चौथ्या-पाचव्या रविवारी लीडर म्हणाले, "उत्तर विचारून काय लिहिणार? स्वतः जाऊन बघा. संघात एक जागा आहे. तब्येत ठेवलीत तर तुमची."

त्या दिवशी खडकवासल्यावरून परत येताना मी धरणाकडे बघत मनातल्या मनात बाईंना पत्र लिहायला सुरुवातही केली. उत्तर पाठवायचं, तेही स्वतः बघून, आणि शेवटच्या धड्याच्या आत.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी पाणी ओतत नव्हतो.

पहिल्याच रविवारी वर पोचल्यावर सगळ्यांनी कॅन उलटे केले. मीही झाकण उघडलं. आणि माझा हात थांबला. आमच्या गावात नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, उन्हाळ्यात तेवढंही नाही. आई टँकरसाठी ओळीत उभी राहायची. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी तुळशीला, असं आमच्याकडे चालायचं. पंधरा लिटर चांगलं पाणी मातीत ओतायचं हे माझ्या हाताला कळेचना. मी झाकण लावलं, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसतो" म्हणालो, आणि सगळे उतरल्यावर तेवढंच ओझं घेऊन हळूहळू खाली आलो. खोलीवर येऊन माठ भरला, उरलेल्या पाण्याने अंघोळ केली. म्हणजे खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळातून भरायचं, खडकवासल्यावरून गडावर न्यायचं आणि पुन्हा पुण्यात आणून अंगावर घ्यायचं. असं मी दर रविवारी केलं. पुढे वीस लिटर झालं तरी केलं.

गावी शेजारच्यांच्या फोनवर वडिलांना हे सांगितलं. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं.

"वर नेतं अन् परत खाली आनतं?"

"हो."

"मंग माल पोचला कुटी?"

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कंपनीत सगळं ठीक हाय ना बाप्पा?"

मे महिन्यात एका सोमवारी हिंजवडीला बसमधून उतरताना उजवा गुडघा वाकेना. मी पायरीवर अडकून राहिलो. मागे चाळीस माणसं. ड्रायव्हर म्हणाला, "ओ साहेब, उतरताय का बसताय? एक काय ते ठरवा." संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून दुधीभोपळ्यासारखा झाला.

डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ओझं घेऊन उतरता का?" मी खाली बघितलं. सहा आठवडे विश्रांती, त्यानंतर सपाटीवर चालणं, आणि वर्षभर पाठीवर काही घ्यायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

गुरुवारी गच्चीवर जाऊन मी सगळं खरं सांगितलं. मग लीडर म्हणाले, "अहो, आपण हिमालयाची तयारी करतोय. पाणीपुरवठ्याची नाही."

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

"चेष्टा सोडा," लीडर म्हणाले. "तुमचं नाव मी काढतोय. वर गुडघा गेला तर तुम्हाला उचलायला चार माणसं लागतील, आणि त्या चौघांचं शिखर जाईल. राग मानू नका."

राग नव्हता. लाज होती. मी खोलीवर येऊन बाईंना पत्र लिहायला बसलो. 'बायको घरी असते म्हणून' आणि 'फोटो चांगले येतात' यापलीकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. पत्र तसंच ठेवलं.

जुलैत डॉक्टरांनी हळूहळू चढायची परवानगी दिली. एका रविवारी मी रिकाम्या पाठीने, काठी घेऊन गडावर गेलो. सगळ्यांच्या मागून पोचलो. वर एक ताक-भाकरी विकणाऱ्या मावशी होत्या, पायथ्याच्या गावातल्या. त्यांच्या छपराखाली टेकलो. पलीकडे वीस पावलांवर आमची मंडळी कॅन उलटे करत होती. मावशींनी माझ्यापुढे ताक ठेवलं.

"तुझं पानी कुटं हाय आज?"

"मावशी, तुम्हाला काय माहीत माझं पाणी?"

"आरं, समदे वततात अन् तू एकला झाकण लावून खाली नेतोस. म्या काय आंधळी हाय व्हय? मला वाटायचं, ह्याचा नवस येगळा आसंल."

"कसला नवस?"

"मंग काय हाय ते? धा वरसं बघतीया. दर ऐतवारी येत्यात, लांबून पानी आणत्यात, गडावर घालत्यात अन् जात्यात. म्हटलं, पुण्याच्या लोकांचा काय तरी देवाचा नेम आसंल. मधी कशाला बोला."

"तुम्ही पाणी कुठून आणता?"

त्यांनी मानेनेच गडावरच्या देवटाक्याची दिशा दाखवली. "दोन हंडे सकाळी, दोन दुपारी. उन्हाळ्यात टाकं खाली जातं तवा लई वाकावं लागतं."

मी तसाच उठलो आणि लीडरांना हाताला धरून आणलं. मावशींनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, नवसासकट. लीडरांनी ताकाचा ग्लास हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"दहा वर्षं," ते म्हणाले. "वीस पावलांवर."

"आवो, तुमचा देव, तुमचं पानी," मावशी म्हणाल्या.

"मावशी, देव नव्हता हो. नुसता मूर्खपणा होता."

पुढच्या रविवारी एका निळ्या पिंपाला दोर बांधून चौघांनी ते वर चढवलं आणि छपराशेजारी ठेवलं. त्या दिवसापासून सगळे कॅन त्यात रिकामे होऊ लागले. मावशी पिंपाला हळदकुंकू लावायच्या. काही झालं तरी नवसच तो, असं त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत बदललं नाही. वडिलांना फोन करून सांगितलं की माल पोचला. ते म्हणाले, "हां. आता बरोबर."

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी लीडरांनी मला बाजूला घेतलं.

"बेस कॅम्पला एक माणूस लागतो. वर जायचं नाही, ओझं उचलायचं नाही, सामान याकवरून जाईल. पण रॉकेल, डाळ, साखर, सगळं त्याच्या ताब्यात. तिथे पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, आणि बर्फाला रॉकेल लागतं. मागच्या मोहिमेत आमचं रॉकेल तीन दिवस आधी संपलं, कारण जो तो चहा करत बसला. मला असा माणूस पाहिजे, ज्याच्याच्याने एक कप पाणी सांडवत नाही." मग म्हणाले, "असा एक माझ्या ओळखीचा आहे. डॉक्टर हो म्हणाले तर विचारतो त्याला."

डॉक्टर दोन काठ्यांच्या अटीवर हो म्हणाले. कंपनीत माझ्या वरिष्ठांनी महिन्याची रजा ऐकून खुर्ची मागे सरकवली. "वन मंथ? ऑनसाइटला जायला लोक रांगेत आहेत आणि तू हिमालयात भांडी घासायला चाललास?" पण त्यांनी सही केली. त्यांचेही मी उपकार मानतो.

प्रवासाचं लांबण लावत नाही. काठमांडूहून छोट्या विमानाने पुढे, मग आठ-नऊ दिवस चालत. पाच हजार मीटरच्या अलीकडे, एका हिमनदीच्या कडेला आमचे तंबू लागले. मी रॉकेलचे डबे मोजून ओळीत लावले आणि पहिल्याच दिवशी जाहीर केलं की चहा तीनदाच मिळेल. "हे पुण्यातलं दुकान झालं," कुणीतरी म्हणालं. "दुपारी बंद."

चौथ्या दिवशी सहा जण वरच्या छावणीकडे निघाले. ते तीन दिवसांनी परतणार होते. शेर्पा स्वयंपाक्याने मला सांगितलं, इथून एक दिवस चाललं की काला पत्थर नावाचा उंचवटा आहे, तिथून एव्हरेस्ट दिसतो. ओझं नाही, बर्फ नाही, काठ्या टेकत जा. तो तंबू सांभाळायला थांबला आणि मी निघालो. वाटेतल्या वस्तीत मुक्काम केला आणि सकाळी वर चढलो. तिथे मी काय पाहिलं ते पुढे पत्रात आहे, म्हणून इथे सांगत नाही.

मी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी संघ उतरला. चौघे शिखरावर जाऊन आले होते. लीडर गेले नव्हते. माथा डोळ्यांसमोर असताना एका मुलाचं डोकं दुखून त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि लीडर त्याला घेऊन खाली वळले. या डोंगरासाठी ते वर्षभर दर रविवारी ओझं घेऊन गड चढले होते. मी त्यांना चौथा चहा दिला.

"नियम मोडताय," ते म्हणाले.

"रॉकेल शिल्लक आहे. आठ लिटर."

त्यांनी मान डोलावली. बोटं कपाभोवती धरली. ओठ फाटले होते, नाकाचं कातडं सोललं होतं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी गूळ-शेंगदाणे जास्त आणू. वर तेवढंच जातं."

"पुढच्या वेळी?"

"मग काय, संपलं की काय?"

मला हसू आलं. मी वही काढली. "सर, आता तरी सांगा. बाईंना काय लिहू? का येतो आपण इथे?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही पाणी खाली का आणत होतात? गुडघा जात होता तरी?"

"ओतवत नव्हतं."

"बघा. आणि याचं कारण विचारलं तर तुम्हाला तुमचं गाव सांगावं लागेल, आई सांगावी लागेल, तो टँकर. माझंही तसंच काहीतरी असणार. मी कधी शोधलं नाही." त्यांनी कप पुढे केला. "तुम्ही तुमचं लिहा. माझं उत्तर तुमच्या बाईंना चालायचं नाही."

उतरताना नामचे बाजारला एक दिवस मुक्काम होता. तिथे पोस्ट आहे. खिडकीजवळ बसून मी पत्र लिहिलं आणि तिथूनच टाकलं, कारण पुण्याला पोचेपर्यंत थांबलो असतो तर ते पुन्हा भेटकार्ड झालं असतं. त्याची नक्कल वहीत राहिली आहे.

बाई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाठवतो आहे. खरं तर प्रश्न माझा होता, पण तो इतकी वर्षं तुम्ही सांभाळलात. उशीर झाला त्याबद्दल मुलांची माझ्या वतीने क्षमा मागा. धड्याच्या आत हे पोचावं अशी आशा आहे.

मी शिखरावर गेलो नाही. माझा गुडघा बिघडला होता. तो कसा बिघडला ते भेटल्यावर सांगेन, तुम्ही हसाल. पण मी एव्हरेस्ट पाहिला. आणि आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. आपल्या ओट्यावर आपण एव्हरेस्ट मध्ये ठेवायचो, मोकळा, सगळ्यांना दिसेल असा. इथे तो तसा नाही. त्याच्या पुढ्यात नुप्त्से नावाचा डोंगर आहे. आठ हजारांत बसत नाही म्हणून आपल्या पुस्तकात त्याचं नावही नाही. पण खालून तोच दिसतो. मी ज्या वस्तीत राहिलो तिथून एव्हरेस्ट दिसतच नाही. जगातला सगळ्यांत उंच डोंगर इतक्या जवळ असून दिसत नाही, हे मला आधी खरं वाटेना.

सकाळी मी काला पत्थर चढायला लागलो. शंभर पावलं चालायचो आणि काठ्यांवर टेकून श्वास घ्यायचो. अशाच एका वेळी वर बघितलं तर नुप्त्सेच्या खांद्यामागून काळा त्रिकोण वर आला होता. एवढासा. मी स्वयंपाक्याने सांगितलेल्या खुणा ताडून पाहिल्या. तोच होता. आपण त्याला चुना लावायचो, पण तो काळा आहे, वारा त्याच्यावर बर्फ ठरू देत नाही. आणखी शंभर पावलं गेलो, तो आणखी वर आला. मी चढेन तसा तो मोठा होत होता. वर पोचलो तरी नुप्त्सेच उंच दिसत होता, पण आता मला माहीत होतं की आणखी चढलो तर काय होईल. गुडघा दुखत होता, दम नव्हता, आणि तरी वाटत होतं की आणखी शंभर पावलं असती तर बरं झालं असतं.

बाई, उत्तर एवढंच आहे. एका वाक्यात लिहिता आलं नाही, त्याचे गुण कापा. आमचे लीडर शिखराजवळून एका आजारी मुलासाठी परत फिरले आणि चहा पिताना पुढच्या वेळचे शेंगदाणे ठरवत होते. त्यांचं कारण वेगळं असेल. ते म्हणतात, ज्याचं त्याने शोधावं.

मुलांना हे सांगून पटणार नाही, म्हणून एक उपाय सुचवतो. यंदाचा हिमालय करताना नुप्त्से घ्या. साडेएकतीस बोटं. तो अगदी पुढे ठेवा आणि एव्हरेस्ट त्याच्या मागे, पस्तीस आणि थोडं वर. चुना लावू नका. मग मुलांना पश्चिमेच्या बाजूला, ओट्याच्या खाली, जमिनीवर बसवा. एव्हरेस्ट दिसणार नाही. मग गुडघ्यांवर बसू द्या. मग उभं करा. जवळच एक बाक आणून ठेवा.

तेवढ्यात कुणी विचारलंच की मानसं जाते काहून, तर त्याला बाकावर चढायला सांगा. बहुतेक सांगावं लागणार नाही. ते आधीच चढलेलं असेल.

बोटं मात्र एकाचीच धरा.

तुमचा विद्यार्थी